मंगल फाँटमागचा माणूस : प्रा. र. कृ. जोशी

सबमिशनच्या आदल्या रात्री कॅड लॅबमध्ये बसलेल्या कुणालाही हा अनुभव असेल. ड्रॉइंग पूर्ण झालंय, डायमेन्शन टाकून झाल्यात, टायटल ब्लॉक भरायचा राहिलाय. तिथं गंमत म्हणून आपलं नाव मराठीत टाकावं, तर स्क्रीनवर ओळीनं प्रश्नचिन्हं उभी राहतात. टेक्स्ट स्टाइल जुन्या एसएचएक्स फाँटवर ठेवलेली असते आणि त्या फाँटला देवनागरी माहीतच नसते. मग शेजारच्या पीसीवरचा सीनियर मान न वळवता सांगतो, स्टाइल उघड, फाँट बदल, मंगल घे. आपण मंगल घेतो, प्रश्नचिन्हं जातात, नाव दिसतं. शीटची प्रिंट निघते आणि आपण मेसकडे पळतो.

हा मंगल कुठून आला, याचा विचार त्या घाईत कुणी करत नाही. मीही केला नव्हता. तो आपोआप उगवलेला नाही. र. कृ. जोशी नावाच्या एका मराठी माणसानं तो घडवला. सगळे त्यांना आर. के. म्हणून ओळखायचे. त्यांचा जन्म १९३६ चा. ५ फेब्रुवारी २००८ रोजी ते अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्को इथं वारले, म्हणजे आज फर्स्ट इयरला असलेल्या बहुतेकांच्या जन्माच्या आगेमागेच. आपल्यापैकी कुणी त्यांना पाहिलेलं नाही, पण त्यांच्या हाताचं वळण प्रत्येकानं शेकडो वेळा वापरलंय.

जोशी इंजिनीअर नव्हते, हे आधीच सांगून टाकतो. मुंबईच्या जे. जे. मध्ये उपयोजित कला शिकून ते १९५६ साली डी. जे. किमर या जाहिरात कंपनीत आर्टिस्ट म्हणून लागले. याच कंपनीच्या कलकत्ता ऑफिसात सत्यजित राय यांनी अनेक वर्षं काम केलं होतं आणि त्यांनाही अक्षरांचं वेड होतंच. १९६१ साली बाळ मुंडकूर यांनी उल्का ही जाहिरात संस्था काढली. जोशी तिथं आर्ट डायरेक्टर म्हणून गेले आणि १९८३ पर्यंत राहिले. बावीस वर्षं जाहिरातीत! म्हणजे साबण, कापड, औषधं यांच्या हेडलाइनी.

पण त्यांना जे पुढं करायचं होतं त्याची गोम तिथंच कळली. त्या काळी जाहिरात आधी इंग्रजीत व्हायची आणि मग तिची मराठी, हिंदी, गुजराती, तमिळ रूपं काढली जायची. इंग्रजीत हेडलाइनसाठी टाइप निवडायला पाहिजे तेवढे. देवनागरीत हाताच्या बोटांवर मोजावे इतके, आणि तेही पुस्तकी. साहजिकच भारतीय भाषांची हेडलाइन हातानं काढावी लागायची. जोशींनी हे काम कमीपणाचं मानलं नाही. बोरू, ब्रश, टाक, जे मिळेल ते घेऊन ते अक्षरं काढत राहिले. ते कवीही होते. अक्षरांची कागदावरची मांडणी हीच कविता, अशा प्रकारचे प्रयोग त्यांनी मराठीत केले. सुलेखनाच्या कार्यशाळा घेतल्या, तरुणांना जुन्या लिप्यांच्या अभ्यासाला लावलं. पुढं सुलेखनकार म्हणून गाजलेले अच्युत पालव उल्काच्या शिष्यवृत्तीवर मोडी लिपीचा अभ्यास करत होते, तो याच वर्तुळातला.

आता थोडं विषयांतर, पण ते केल्याशिवाय जोशींचं मोठेपण कळणार नाही.

छपाईचं यंत्र रोमन लिपीसाठी बनलं. सव्वीस अक्षरं, मोठी आणि छोटी, थोडी विरामचिन्हं, की खेळ संपला. देवनागरीत काना, मात्रा, वेलांटी, उकार, रफार आणि वर जोडाक्षरं. जुळाऱ्यापुढच्या केसमध्ये शेकडो खिळे लागायचे. टाइपरायटर आल्यावर तर प्रश्न आणखी बिकट झाला, कारण कळा मोजक्याच. तेव्हा आपल्या मोठ्या मोठ्या माणसांनी काय केलं? लिपी कमी करायचे प्रयत्न केले. लोकमान्य टिळकांनी केसरीसाठी खिळ्यांची संख्या कमी करण्यावर स्वतः डोकं चालवलं. सावरकरांनी अ ची बाराखडी आणली, म्हणजे इ, ई, उ, ऊ या वेगळ्या अक्षरांऐवजी अ लाच वेलांटी नि उकार लावायचे. किर्लोस्कर मासिकांचे जुने अंक लायब्ररीत मिळाले तर पाहा, ती बाराखडी तिथं छापलेली दिसेल. टाइपरायटरवाल्यांनी जोडाक्षरं तोडून पाय मोडके केले. या सगळ्यांचा हेतू चांगलाच होता, त्यांच्यापुढं दुसरा मार्गही नव्हता. पण दिशा एकच होती. यंत्राला जमत नाही ना, मग लिपीनं अंग चोरून घ्यावं.

जोशींचा सगळा खटाटोप उलट दिशेचा होता. लिपी जशी हातानं लिहिली जाते तशी यंत्रानं शिकावी, असा. कलावंतानं असं म्हणणं सोपं आहे. ते यंत्राच्या भाषेत करून दाखवणं अवघड. त्यासाठी त्यांना वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी आपला धंदा सोडून आयआयटीत जावं लागलं.

१९८३ साली ते पवईच्या आयआयटी मुंबईत इंडस्ट्रियल डिझाइन सेंटरमध्ये प्राध्यापक झाले. हे केंद्र १९६९ पासूनचं, साऱ्यांना आयडीसी म्हणूनच माहीत. तिथं ते १९९६ पर्यंत शिकवत होते. ही वर्षं भारतात कॉम्प्युटरवर भारतीय भाषा आणण्याच्या धडपडीची. आयआयटी कानपूरमध्ये सुरू झालेलं जिस्ट तंत्रज्ञान १९८८ साली पुण्याच्या सी-डॅकमध्ये आलं. भारतीय लिप्यांसाठी इस्की हे कोडचं मानक ठरलं आणि १९९१ साली ते सुधारून पक्कं झालं. त्याच वर्षी युनिकोडची पहिली आवृत्ती आली आणि तिच्यातल्या भारतीय लिप्यांची रचना इस्कीवरूनच घेतलेली होती.

आता आपल्या सिलॅबसमधली गोष्ट. अक्षर कॉम्प्युटरमध्ये ठेवायचे दोन मार्ग. एक रास्टर, म्हणजे चौकटीच्या वहीत घरं काळी करून काढलेलं चित्र. यातलं प्रत्येक घर म्हणजे पिक्सेल. मोठं केलं की कडा पायऱ्यापायऱ्यांच्या होतात. दुसरा व्हेक्टर, म्हणजे अक्षराची फक्त बाह्यरेषा गणितानं सांगायची आणि आतला भाग भरायला लावायचा. ऑटोकॅडमधली पॉलीलाइन आणि हॅच आठवा, तसंच. सिटी बसच्या तिकिटावर छापा नाही तर फ्लेक्सवर, कडा गुळगुळीतच राहणार.

बाह्यरेषेला वळणं देण्यासाठी जी वक्ररेषा वापरतात ती बेझिए कर्व्ह. कॅड-कॅमच्या पेपरला ती हमखास येते. रेनॉ या फ्रेंच मोटार कंपनीतले इंजिनीअर पिएर बेझिए यांनी १९६० च्या दशकात गाड्यांच्या पत्र्याचे आकार कॉम्प्युटरला समजावे म्हणून ती वापरात आणली. तेच गणित सिट्रोएन कंपनीत पॉल द कास्तेल्जो यांनी त्याआधी, १९५९ साली मांडलं होतं, पण कंपनीनं ते गुलदस्त्यात ठेवलं. त्यामुळे नाव बेझिएंचं लागलं. या रेषेत सुरुवात आणि शेवट असे दोन बिंदू असतात. मधले कंट्रोल पॉइंट रेषेवर नसतात, ते लोहचुंबकासारखे तिला बाहेरून आपल्याकडे ओढतात. पोस्टस्क्रिप्ट फाँटमध्ये असे दोन मधले बिंदू असतात, ट्रूटाइपमध्ये एकच. गाडीच्या बॉनेटचा बाक आणि मराठीतल्या ळ चा बाक यांत कॉम्प्युटरच्या दृष्टीनं काही फरक नाही.

फरक आहे तो कंट्रोल पॉइंट कुठं ठेवायचा, यात. तो निर्णय सॉफ्टवेअर घेत नाही. देवनागरी बोरूनं लिहिताना त्याचा तिरपा छाट एका ठरावीक कोनात धरला जातो आणि त्यामुळे रेषा एका दिशेला जाड, दुसरीला बारीक होते. रोमनमध्ये हा कोन उलटा. ज्याला हे माहीत नाही तो माणूस इंग्रजी ओ चा आकार घेऊन त्याला शेपूट लावतो आणि म्हणतो, हा घ्या तुमचा ठ. बाजारात असे फाँट आजही कमी नाहीत. जोशींच्या तीस वर्षांच्या हातातलं वळण इथं कामाला आलं. आधी हात, मग बिंदू, हा त्यांचा क्रम.

आयडीसीतून निवृत्त झाल्यावर, १९९७ पासून, ते जुहूच्या एनसीएसटीत म्हणजे नॅशनल सेंटर फॉर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजीत डिझाइन तज्ज्ञ म्हणून काम करू लागले. (ही संस्था २००३ साली सी-डॅकमध्ये विलीन झाली.) साठीचा माणूस, आणि भोवती सगळे प्रोग्रामर! पण त्यांच्या आयुष्यातलं सगळ्यात दूरवर पोचलेलं काम इथंच झालं. मायक्रोसॉफ्टला विंडोजसाठी भारतीय लिप्यांचे फाँट हवे होते. जोशींनी विनय सायनेकर यांच्या साथीनं देवनागरीसाठी मंगल तयार केला आणि २००० साली आलेल्या विंडोज २००० बरोबर तो जगभर गेला. त्याच्याबरोबर तमिळचा लता होता. पुढं एक्सपीच्या काळात तेलुगूचा गौतमी, कन्नडचा तुंगा, गुजरातीचा श्रुती, पंजाबीचा रावी आले. बांगला आणि मल्याळमचेही आले. नावं बघा, त्यांत नद्या वाहताहेत. गौतमी म्हणजे आपली गोदावरीच.

हे काम नेमकं किती किचकट, ते सांगायला आपल्या गावाचंच नाव घेतो. मुरुम. अक्षरं तीन, उकार दोन. आता नीट बघा. पहिला उकार म च्या खाली लोंबतो. दुसरा र च्या खाली जातच नाही, तो र च्या कमरेला बाजूनं अडकतो. कॉम्प्युटरच्या पोटात दोन्ही उकारांचा कोड एकच आहे. म्हणजे कोड एक आणि रूपं दोन. कुठं कोणतं रूप घालायचं हे कुणीतरी आधी ठरवून फाँटमध्ये लिहून ठेवायला हवं. कोडला कॅरेक्टर म्हणतात आणि प्रत्यक्ष दिसणाऱ्या आकाराला ग्लिफ. ग्लिफ म्हणजे ऑटोकॅडमधल्या ब्लॉकसारखा समजा, एकदा काढायचा आणि हवा तिथं इन्सर्ट करायचा. मुरुमसाठी रु हा वेगळा ब्लॉकच काढून ठेवावा लागतो.

आणखी एक. कि टाइप करताना आपण आधी क दाबतो, मग वेलांटी. दिसताना वेलांटी क च्या आधी. धर्म मध्ये र आधी येतो पण दिसतो शेवटी, म च्या डोक्यावर. म्हणजे साठवायचं उच्चाराच्या क्रमानं आणि दाखवायचं आकाराच्या क्रमानं. मधलं हे रूपांतर म्हणजे शेपिंग. त्याचे नियम ओपनटाइप या फाँट प्रकारात तक्त्यांच्या रूपात भरता येतात. हा प्रकार मायक्रोसॉफ्ट आणि ॲडोबी यांनी १९९६ साली जाहीर केला. भारतीय लिप्यांच्या शेपिंगची रचना कशी असावी यावर एनसीएसटीच्या सु. प. मुदूर आणि सहकाऱ्यांबरोबर जोशींचा शोधनिबंध १९९९ साली प्रसिद्ध झाला. एका सुलेखनकाराचं नाव कॉम्प्युटर ग्राफिक्सच्या जर्नलमध्ये! लिपी वरवर गुंतागुंतीची दिसली तरी आत उच्चारांची शिस्त आहे, तो धागा धरला तर यंत्रालाही ती कळते, हा त्या सगळ्या कामाचा गाभा.

तिसरी अडचण पडद्याची. त्या काळचा साधा मॉनिटर म्हणजे इंचाला ९६ पिक्सेल. १२ पॉइंटचं अक्षर म्हणजे एक षष्ठांश इंच, म्हणजे १६ पिक्सेल. या सोळा ओळींत वर मात्रा, अनुस्वार, रफार बसवायचे, खाली उकार, आणि मधल्या उरलेल्या जागेत अक्षर! इंग्रजीला ही सगळी जागा जवळजवळ मोकळी मिळते. शिवाय शिरोरेषा. एका अक्षराची शिरोरेषा पाचव्या ओळीवर आणि शेजारच्याची साडेपाचव्यावर पडली तर शब्द दात पडल्यासारखा दिसेल. म्हणून फाँटमध्ये बारीक सूचना घालतात की, ही रेषा जवळच्या पूर्ण पिक्सेलवरच ओढून घे. याला हिंटिंग म्हणतात. आपला स्नॅप ऑन केल्यासारखंच. आणि दोन अक्षरांच्या शिरोरेषांत केसाएवढी फट राहू नये म्हणून त्या एकमेकींवर थोड्या चढवाव्या लागतात. मेकॅनिकलवाल्यांनी याला इंटरफिअरन्स फिट म्हणावं.

मंगल सुंदर आहे का? खरं सांगायचं तर मला तो छापील पानावर फारसा आवडत नाही. जाड आहे, बसकट आहे, लग्नपत्रिकेला तर अजिबात शोभत नाही. त्यातले ल आणि श हिंदी वळणाचे आहेत, याबद्दल मराठी लोकांनी बरीच कुरकुर केली आणि ती रास्तच होती. महाराष्ट्र शासनानं ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयानं मराठीचे ल आणि श कसे असावेत ते ठरवून दिलं, तोवर जोशी नव्हते. पण मंगल हा लग्नपत्रिकेसाठी काढलेलाच नव्हता. तो सोळा पिक्सेलच्या पडद्यावर वाचता यावा म्हणून काढलेला होता. डिझाइनचा प्रश्न काय होता ते पाहून उत्तराला मार्क द्यायचे असतात.

आणि त्याच्या आधी काय होतं ते ज्यांनी भोगलंय त्यांना विचारा. आपल्या स्टाफमधले बरेच जण सांगतील. प्रत्येक कंपनीचा फाँट वेगळा, प्रत्येकाचा कोड वेगळा. आतून ती सगळी इंग्रजी अक्षरंच, वर मराठीचा मुखवटा. एका पीसीवर टाइप केलेला अर्ज दुसऱ्यावर उघडला की कंस, डॉलर आणि टक्क्यांची चिन्हं. फ्लॉपीत फाइलबरोबर फाँटही न्यावा लागायचा. शोध घ्यायची सोय नाही, अनुक्रम लावता येत नाही. विंडोजबरोबर एक युनिकोड फाँट फुकट आणि सगळीकडे मिळू लागल्यावर हळूहळू हे संपलं. सरकारी नोकऱ्यांच्या हिंदी टायपिंग परीक्षांत मंगल हे नाव इतकं रुळलं की कित्येक उमेदवारांना युनिकोड टायपिंग म्हणजेच मंगल असं वाटतं. विंडोज ८ पासून मायक्रोसॉफ्टनं निर्मला नावाचा नवा फाँट पुढं आणला आणि मंगल मागं पडला. तरी मराठी म्हटलं की हात अजून त्याच नावाकडे जातो.

जोशींचा एक प्रयत्न मात्र फसला, तोही सांगायला हवा. सगळ्या भारतीय लिप्या ब्राह्मीपासून निघाल्या, त्यांचा वर्णक्रम जवळजवळ एकच, तर मग सर्व भाषांसाठी एक समान लिपी का नको, असा विचार करून त्यांनी देशनागरी नावाची लिपी रचली होती. ती चालली नाही. चालणारही नव्हती, असं माझं मत. आपण सीमेवरची माणसं, आपल्याला हे लगेच कळतं. इथून आळंदकडे निघालो की थोड्या वेळात पाट्या कन्नड होतात आणि त्या पाट्यांवर लोकांचा जीव असतो. आपलं अक्षर कुणी सहजी सोडत नाही. गंमत अशी की एक लिपी करू पाहणाऱ्या याच माणसानं पुढं प्रत्येक लिपीला तिचा स्वतंत्र फाँट दिला. आज सीमेच्या अलीकडे मंगल आणि पलीकडे तुंगा, आणि दोन्हींमागं नजर एकाच माणसाची.

शेवटच्या काळात ते वैदिक संस्कृतातल्या स्वरचिन्हांवर काम करत होते. उदात्त, अनुदात्त, स्वरित आणि शाखाशाखांनुसार बदलणाऱ्या अनेक खुणा, ज्या हस्तलिखितांत आहेत पण कॉम्प्युटरला ठाऊक नव्हत्या. ते काम हातात असतानाच २००८ च्या फेब्रुवारीत ते गेले. ऑक्टोबर २००९ मध्ये युनिकोडच्या ५.२ आवृत्तीत वैदिक चिन्हांचा स्वतंत्र विभाग आला.

परवा मुरुमच्या बसस्टँडकडे एका फ्लेक्सच्या दुकानात गॅदरिंगच्या बॅनरसाठी गेलो होतो. पूर्वी हेच काम पेंटर करायचे, खडूनं दोन आडव्या रेषा मारून, मध्ये अक्षर भरून. दुकानातल्या पोरानं कोरलड्रॉ उघडलं, कॉलेजचं नाव टाइप केलं आणि त्याला शिरोरेषा जरा वर न्यायची होती म्हणून अक्षराचं कर्व्हमध्ये रूपांतर केलं. क्षणात त्या नावावर बारीक बारीक चौकोनी ठिपके उमटले, प्रत्येक वळणावर एक. तो माउसनं ठिपके ओढत बसला. मी विचारलं, हा फाँट कुणाचा? तो म्हणाला, कुणाचा म्हणजे? विंडोजमध्येच असतो.